म्हाळूचा जामीन

सटवा गेला त्या सकाळी साखराबाईनं आधी नळाची तोटी बंद केली आणि मग ती नवऱ्याकडे गेली. पाटोद्याच्या त्या गल्लीत ही गोष्ट अजून बोलली जाते. कुणी ती कौतुकानं बोलत नाही.

झालं असं, की दसरा होऊन गेला होता, बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं आणि सटवा पाईप घेऊन झाडांमधून फिरत होता. मोगऱ्याचं आळं भरलं. तिथून तो जास्वंदीकडे वळला आणि वळता वळता खाली बसला. बसला तो आडवाच झाला. पाईप हातातून सुटून फरशीवर उड्या मारायला लागला. साखराबाई ओट्यावर लसूण सोलत होती. ती उठली, तोटीपाशी गेली, दोन्ही हातांनी ती पिळून बंद केली आणि मग पारिजातकाखालून वाकून त्याच्यापाशी गेली. हाक मारली नाही. त्याच्या गालावर पडलेलं एक फूल तेवढं बाजूला केलं.

"पानी वाया चाललं व्हतं," नंतर कुणी विचारलं तर ती एवढंच सांगायची.

भेटायला आलेल्या बायकांनी तिला रडवायची शिकस्त केली. तिच्या गळ्यात पडून त्याच हंबरडा फोडायच्या आणि एका डोळ्यानं तिच्याकडे बघायच्या.

"रड गं बाई. आत कोंडून ठिवू नको. मोकळी हो."

"येईना तर काय करू?" साखराबाई म्हणाली. "मिरची लावू का डोळ्याला?"

बायकांनी आपापले पदर सावरले. तिनं ते रागानं म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. ती खरंच विचारत होती.

सटवाचं अंगण म्हणजे गल्लीचं देवघरच. रोज उजाडता बायका परडी, ताटली, कुणी नुसता पदर घेऊन यायच्या आणि आपापल्या देवापुरती फुलं खुडून न्यायच्या. साखराबाई ओट्यावर बसून पहारा करायची. "कळ्या नका गं घेऊ! अगं ए, फांदी वाकव, मोडू नको, तुझ्या सासूची मान न्हाई ती!" सुतकात हे सगळं थांबलं. सुतकाच्या घरची फुलं देवाला चालत नाहीत. पारिजातक मात्र त्याच दिवसांत वेड्यासारखा सांडत होता. अंगण पांढरंकेशरी व्हायचं, आणि साखराबाई खराट्यानं ते लोटून सुपात भरायची आणि उकिरड्यावर टाकायची. फुलं लोटतेय की पाला, तिच्या हाताला फरक कळत नव्हता.

भिंतीपलीकडून रहेमतबी बघत होती. फळांचा गाडा लावणाऱ्या चाँदची ती बायको. दोघी एकाच साली या गल्लीत राहायला आल्या होत्या.

"भाबी, गुलाब वाळून चाललेत. ते तर मला द्या. जुम्मेरातीला दर्ग्यात चढवते. आमच्यात फुलाला सुतक नसतं."

"घ्या."

"सगळे घेऊ?"

"घ्या की."

आधीची साखराबाई असती तर म्हणाली असती, सगळे कावून, तुमच्या चाँदला हार घालायचाय का? रहेमतबीनं ते ऐकायची तयारी ठेवूनच विचारलं होतं. ती अर्धेच गुलाब घेऊन गेली.

सुतक फिटलं. बायका परत आल्या. साखराबाई ओट्यावर बसायची, पण पहारा नाही. एकीनं मुद्दाम हाताएवढी फांदी मोडून दाखवली. "साखराबाई, ही फांदीच नेते बघा." "न्या," ती म्हणाली. त्या बाईला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की फांदी तिथंच आळ्यात टाकून ती निघून गेली. आणि आणखी एक झालं होतं, ते फक्त सुनेच्या, योगिताच्या लक्षात आलं होतं. त्या दिवशी बंद केलेल्या तोटीला आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, पुन्हा हात लावला नव्हता. पाणी आलं की त्या उठून आत जायच्या. झाडांना पाणी आता योगिताच घालत होती.

सटवाचा जन्म मेंढरांमागं गेला. खांद्यावर लांब दांड्याची कुऱ्हाड, मागं कळप, आणि दिसेल त्या बाभळीच्या डहाळ्या तोडून मेंढरांपुढं टाकायच्या. या डोंगरातली किती झाडं त्यानं बोडकी केली असतील त्याची मोजदाद नाही. गुडघे गेले आणि मुलगा सोमेश्वर म्हणाला, "दादा, मी काय मेंढरामागं जायचो न्हाई," तेव्हा त्यानं कळप विकला, एक म्हातारी मेंढी तेवढी ठेवली आणि या अंगणात फुलझाडं लावली. पण स्वभाव धनगराचाच. झाडांना त्यानं मेंढरांची नावं दिली. जास्वंद ती तांबडी, तगर ती भुरी, मोगरा ती लाडी. दिवे लागायच्या सुमाराला काठी रोखून तो झाडं मोजायचा, वाड्यात कोंडलेली मेंढरं मोजावीत तशी.

"पळून जानार हायत का ती?" साखराबाई विचारायची.

"सवय लागू दे त्येंना," तो म्हणायचा.

आणि दाराच्या उजव्या अंगाला, सगळ्यांहून उंच, तो म्हाळू. म्हाळू हे सटवाच्या कळपातल्या म्होरक्या एडक्याचं नाव. आता ते सोनचाफ्याला मिळालं होतं. आठवडी बाजारात रोपवाल्यानं शपथेवर सांगितलं होतं, कलमी हाय, दोन सालात फुलंल. लावल्यावर पहिल्याच महिन्यात त्या म्हातारीनं, उरलेल्या मेंढीनं, तो कलमाच्या सांध्याच्याही खालपर्यंत खाल्ला. सगळे म्हणाले संपला. पण बुडातून कोंब आला आणि बघता बघता तो पत्र्याच्या वर गेला. पानं ही एवढाली. फूल मात्र एकही नाही. कधीच नाही.

म्हणून दर करीला त्याची झडती व्हायची.

कर म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. त्या दिवशी चांगलं काम काढत नाहीत. साखराबाईच्या माहेरी, वाडीवर, न फुलणाऱ्या झाडाला त्या दिवशी दटावतात. त्याला दोन माणसं लागतात. एकानं कुऱ्हाड घेऊन झाडापुढं उभं राहायचं, पोटभर शिव्या घालायच्या, खोडावर एक हलका घाव घालायचा आणि मोठ्यानं विचारायचं, तोडू का ठेवू? दुसऱ्यानं मध्ये पडायचं, झाडाची बाजू घ्यायची आणि जामीन राहायचं. जामीन घरचाच लागतो. जो विचारतो तोच जामीन राहू शकत नाही. राहिला, की त्यानं वर्षभर आपल्या हातानं झाडाला पाणी घालायचं आणि पुढल्या करीला तिथं हजर व्हायचं. आणि कुणीच जामीन राहिलं नाही, तर दिवस मावळायच्या आत झाड पाडायचं. विचारून मोकळं सोडायचं नाही. सोडलं तर त्या जागेवरचं कुठलंच झाड पुन्हा माणसाचं ऐकत नाही. साखराबाईनं लहानपणी अशी एक बोर पडताना पाहिली होती. जामीन राहायचा तो चुलता त्या साली रुसून तोंड मिटून बसला होता. बापानं विचारलं, वाट पाहिली, पुन्हा विचारलं नाही. दुपारपर्यंत बोर आडवी.

या घरात कुऱ्हाड साखराबाईकडे होती, कारण तोंड तिच्याकडे होतं. मागच्या करीचीच गोष्ट. तिनं पदर खोचला, कुऱ्हाड पेलली आणि भिंतीवरून रहेमतबीनं मान वर काढली. हा खेळ तिनं कधी चुकवला नव्हता.

"काय रं म्हाळ्या! उंटावानी वाढलास. घागरीनं पानी पितोस, आन् फूल? एक तरी फूल? तुझ्यापरीस ती भुरी बरी, गपगुमान फुलती. आयतखाऊ! भाकड!"

"अगं अगं अगं!" सटवा धावत मध्ये आला. या कामासाठी त्यानं फेटासुद्धा बांधलेला. "हात आखडा घे. लेकरू हाय ते."

"लेकरू? तुमच्या लेकराला मिशा फुटायची येळ आली!"

"अंगानं वाढलंय, मनानं ल्हानच हाय. ल्हानपनी मेंढीनं खाल्लंय, त्याचा धसका हाय त्याला."

"मला नगा सांगू. तोडू का ठिवू?"

"ठेव. पुढल्या सालाला फुलंल. मी जामीन."

"आन् न्हाई फुलला तर?"

"तर मला तोड."

"सटवाभाई!" रहेमतबी भिंतीवरून ओरडली. "जामीन झालात, आता बीडला कोर्टात तारखेला या!"

साखराबाई कुऱ्हाड टेकवून हसायला लागली, आणि सटवानं खोडावरच्या ताज्या घावाला ओली माती लावली. दरसालचे घाव तिथं एकावर एक चढत गेले होते. मातीनं भरलेले, वाळलेले.

सोमेश्वरनं पिकअप घेतली ती सटवा गेल्यानंतर. बाजाराचा माल बीडला न्यायचा. गाडी रस्त्यावर उभी राहायची, आणि कुणीतरी तिच्या मागच्या दिव्याची काच फोडली.

"माय," एक दिवस जेवताना तो म्हणाला, "म्हाळूची जागा मोकळी केली तर गाडी आत येती. वर पत्रा टाकता यील."

साखराबाई भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत राहिली.

"आवं, मामांना जाऊन साल न्हाई झालं," योगिता हळूच म्हणाली.

"म्हनून तर विचारतोय. फुलत न्हाई, फळत न्हाई, नुसती पानं. बाकीच्यांना मी हात लावतो का? माय, काय म्हनतीस?"

तिला खरोखर काही म्हणायचं नव्हतं. म्हाळू पडलेला तिनं मनात आणून पाहिला. मोकळी जागा दिसली, तिथं गाडी दिसली. छातीत काही हललं नाही. उभा ठेवून पाहिला, तरी तेच.

"बरं, संक्रांत हू दे," सोमेश्वर म्हणाला. "मग बगू."

संक्रांत झाली. करीच्या दिवशी साखराबाई उठली, चूळ भरली, चहा घेतला. सोमेश्वर ओट्यावर बशीत चहा ओतत होता. योगिता दाराशी तांदूळ निवडत होती. साखराबाई आत गेली आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड घेऊन बाहेर आली. तिला कुणी आठवण केली नव्हती, तिनं स्वतःही काही ठरवलं नव्हतं. दरसाली त्या दिवशी चहानंतर पाय तिकडे जायचे, तसे गेले. पदर खोचला.

"काय रं म्हाळ्या," ती म्हणाली. "उंटावानी वाढलास. घागरीनं पानी पितोस, आन् फूल?"

भिंतीवर रहेमतबीची मान आली. योगिताचा हात सुपात थांबला. साखराबाई शिव्या देत राहिली, आयतखाऊ, भाकड, सगळं ओळीनं, पण गिरणीत दळण नेल्यासारखं. कुऱ्हाडीचा हलका घाव घातला. खोडातून ओलसर पांढरं दिसलं.

"तोडू का ठिवू?"

आणि ती थांबली.

थांबून ती डावीकडे बघत राहिली, जिथून तो धावत यायचा. तिथं तगर होती. तगरीवर ऊन होतं. नळाच्या तोटीला पिवळं फडकं गुंडाळलेलं होतं. कुणी येईना, तेव्हा कुठं साखराबाईच्या ध्यानात आलं, की आपण कुणाला विचारलं.

"या अल्ला," रहेमतबी तोंडावर हात ठेवून म्हणाली. "भाबी, काय केलं हे?"

सोमेश्वरनं बशी खाली ठेवली. ही रीत त्यानं आजोळी पाळण्यापासून पाहिली होती. सगळे नियम त्याला पाठ होते.

"माय," तो म्हणाला, "आता बोललीस."

"व्हय."

"मोकळं सोडता येत न्हाई."

"न्हाई येत."

"मग मी घेतो पाडून. सांजपत्तोर. तुलाबी पटलं, मलाबी. बरं झालं." पण बरं झाल्यासारखा त्याचा आवाज नव्हता.

"मी ऱ्हाते की जामीन!" रहेमतबी टाचा उंच करून म्हणाली. "माझा काय जातो?"

"चाची, घरचं लागतं."

"मी घरची न्हाई? तुझं ढुंगन धुतलंय मी!"

"चाची, रीत हाय ती. मी केली का?"

सगळ्यांनी योगिताकडे पाहिलं. योगितानं नवऱ्याकडे पाहिलं, मग सुपाकडे. "मला ते बोल येत न्हाईत," ती म्हणाली, आणि नख लावून एक खडा काढायला लागली. घरात येऊन तिला पुरती दोन वर्षं नव्हती. नवऱ्याला गाडी आत हवी होती आणि सासूनं कुऱ्हाड उचलली होती. ती कुणाविरुद्ध बोलणार?

साखराबाई उभीच. आपल्या हातून मोठी चूक झाली हे तिला समजत होतं, दुसऱ्या कुणाची चूक समजावी तसं. हातात कुऱ्हाड जड लागत होती. तिला ती बोर आठवली. बोर पडल्यावर बाप जेवला नव्हता. चुलतापण जेवला नव्हता. दोघं आपापल्या दारात बसून राहिले होते, आणि आई म्हणाली होती, एकानं तरी तोंड उघडायचं.

"सोम्या," ती म्हणाली. "इकडं ये."

तो आला. तिनं कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या हातात दिला.

"तुला पायजे ना जागा? मग तू इचार. मला कशापायी पायजे, मी कावून इचारू? माझं इचारनं चुकीचं व्हतं."

"असं बदलता येतं का?"

"तुझा आजा, माझा बाप, म्हातारा झाला तवा कुऱ्हाड माझ्या भावाच्या हातात दिलती, मधातच. दम लागलता त्याला." ती झाडापासून बाजूला झाली आणि डावीकडे, तगरीपाशी, जाऊन उभी राहिली. सोमेश्वरनं ती कुठं उभी राहिली ते पाहिलं. त्याच्या लक्षात आलं. त्यानं दांड्यावरची मूठ घट्ट केली, सैल केली.

"म्हाळू," तो म्हणाला, "मला गाडीला जागा पायजे."

"असं न्हाई," साखराबाई म्हणाली. "आदी शिव्या दे."

"माय..."

"दे. नीट इचार."

"आयतखाऊ," सोमेश्वर पुटपुटला. "भाकड."

"आयकू न्हाई आलं!" रहेमतबी भिंतीवरून.

"भाकड!" तो ओरडला, आणि घाव घातला. तो हलका बसला नाही. कुऱ्हाड चांगली बोटभर आत गेली आणि सालीचा कपचा उडाला. सगळं झाड वरपर्यंत हललं. या अंगणात इतक्या साली जो खेळ झाला, तो आज खेळ नव्हता. जागा खरंच हवी होती, आणि माणूस खरंच विचारत होता.

"तोडू का ठिवू?"

साखराबाईचं तोंड उघडेना. शिव्या तिला पाठ होत्या. हे बोल तिचे नव्हते. ते दरसाली समोरून यायचे, आणि तिला फक्त ऐकायचं असायचं. ऐकलं तरी होतं का तिनं कधी नीट? हसण्यात निम्मे जायचे. तिनं ओठ ओले केले. सोमेश्वर वाट बघत होता. दुसऱ्यांदा विचारायचं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

"अगं अगं अगं," भिंतीवरून दबक्या आवाजात आलं. "म्हना, भाबी. अगं अगं अगं."

"अगं अगं अगं," साखराबाई आपल्या मुलाला म्हणाली. "हात आखडा घे. लेकरू हाय ते."

सोमेश्वरनं मान खाली घातली. आता त्याला म्हणायचं होतं, लेकरू? मिशा फुटायची येळ आली. त्याला ते म्हणता आलं नाही. त्याची हनुवटी हलायला लागली होती. साखराबाई मात्र कोरड्या आवाजात पुढं बोलत होती, कुणीतरी दिलेला निरोप सांगावा तशी.

"अंगानं वाढलंय, मनानं ल्हानच हाय. ल्हानपनी मेंढीनं खाल्लंय, त्याचा धसका हाय त्याला. ठेव. पुढल्या सालाला फुलंल. मी जामीन."

"आन् न्हाई फुलला तर?" सोमेश्वरनं विचारलं. आवाज फुटला होता.

रहेमतबीनं पुढचे शब्द सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. ते शब्द तिलाही सांगवेनात.

साखराबाईनं जरा विचार केला.

"तर तवाचं तवा बगू," ती म्हणाली. "मी हितं उभी ऱ्हाईन."

सोमेश्वरनं कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि बाहीनं तोंड पुसलं. पुसून झालं तरी पुसत राहिला. योगिता त्याला पाण्याचा तांब्या द्यायला उठली. भिंतीपलीकडे रहेमतबी नाक शिंकरत होती.

"मग गाडी कुठं लावू मी?" तो शेवटी म्हणाला.

"आमच्या बोळात लाव. चाँदचा गाडा सरकवते मी."

"चाची, पिकअप हाय ती. हातगाडी न्हाई."

"मग उभी कर, आडवी कर, काहीबी कर. रडतो कावून?"

"रडंना मी."

साखराबाईनं खाली वाकून ओल्या मातीचा गोळा उचलला आणि खोडावरच्या घावात बोटानं दाबून बसवला. तिचा छोटा घाव, आणि त्याखाली मुलाचा खोल. मुलाच्या घावाला दोन गोळे लागले.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आरोळी आली, "नळ आले!" आणि घरोघरी हंडे वाजायला लागले. योगिता सवयीनं तोटीकडे धावली.

"थांब," साखराबाई म्हणाली. "जामिनानं घालायचं असतं."

योगिता जागच्या जागी थांबली. साखराबाईनं मातीचे हात लुगड्याला पुसले, तोटीवरचं पिवळं फडकं सोडलं आणि दोन्ही हातांनी तोटी पिळली. ती घट्ट बसली होती. पहिल्यांदा नुसती हवा आली, मग गढूळ पाणी, मग पाईप एकदम फुगला आणि फरशीवर उडाला. तिनं तो पायाखाली दाबला, उचलला आणि म्हाळूच्या आळ्यात सोडला.

आळं भरायला वेळ लागला. सगळे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते.

"आत्या," योगिता जवळ येऊन हळूच म्हणाली. "बरं वाटतंय का?"

साखराबाईनं तपासून पाहिलं.

"पाय गार पडले," ती म्हणाली.

म्हाळूचं आळं भरलं. तिनं पाईप मोगऱ्याला लावला. मोगऱ्याला या दिवसांत फूल नसतं, नुसत्या काड्या, तरी तिनं आळं काठोकाठ भरू दिलं. मग ती पाईप ओढत निघाली. पारिजातकाखाली वाकली. फरशीच्या त्या जागेवर तिचा पाय पडला, एक पडला, दुसरा पडला. पाईप वेढा सोडत मागून येत होता.

"तांबडीला ऱ्हायलं व्हतं," ती म्हणाली, आणि जास्वंदीच्या आळ्यात पाणी सोडलं.